उतारावर लावलेली गाडी

तो रविवार विसरायचा म्हटलं तरी मला अजून जमलेलं नाही. औसा भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचं ऊन, सकाळीच पायरीवर पाय टेकवत नव्हता. हजेरी चालू असताना एक बाई आत आली आणि ठाणे अंमलदाराचं टेबल धरून उभी राहिली.

"साहेब, माझ्या आईला मामाच्या पोरानं नेलंय. काल दुपारपासून फोन बंद लागून राहिलाय. तिला शुगर हाय, अन् इन्शुलिन घरीच राहिलंय."

आई लोह्याकडच्या गावात राहणारी विधवा. तिचं माहेर आमच्या हद्दीत. माहेरच्या जमिनीतला हिस्सा बहिणींनी हक्कसोड करून भावाच्या नावे करायचा, ही आपल्याकडची रीत. या म्हातारीनं मात्र सहीला साफ नकार दिला होता. शनिवारी भाचा त्याची जुनी छोटी कार घेऊन आला, 'आत्या, सणाला चल' म्हणाला आणि ती बिचारी पिशवी घेऊन बसली. सोमवारी रजिस्ट्रीचं ऑफिस उघडणार होतं.

अंमलदार 'मिसिंग' लिहायला लागला. मी ओरडलो, "अहो, कसलं डोंबलाचं मिसिंग? अपहरण लिहा, आणि त्या भाच्याला गाडीसकट आणा!"

भाचा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी शांत. "आत्याचं मन बदललं साहेब. औशाच्या स्टँडवर उतरली, नांदेडच्या गाडीत बसते म्हणाली. मी घरी गेलो." दोनदा विचारलं, दोनदा तेच. पाठ केल्यासारखं.

तेवढ्यात फोन आला. भाच्याच्या शिवाराकडे जाणाऱ्या फाट्यावर हॉटेल चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. चौकशी चालू असल्याचं कानावर जाताच त्यानं कळवलं, "साहेब, काल ती पांढरी गाडी हिकडूनच गेली. मागं म्हातारी बसून काचेवर हात मारून राहिली व्हती. मला वाटलं, घरचं भांडण असंल."

स्टँडची गोष्ट तिथंच मोडली. पण फाट्यापासून पुढे चार गावांना रस्ते फुटतात, सगळीकडे शेतं आणि आखाडे, म्हणजे शेतातली घरं-गोठे. आमच्याकडे माणसं मोजकी, आणि म्हातारीजवळ वेळ त्याहून कमी.

भाच्यानं लगेच जबाब बदलला. "हाव, फाट्याकडं गेलतो. पुढं महादेवाच्या मंदिरापाशी थांबलो, दर्शन घेतलं. भाईर आलो तर आत्या न्हाई. मग गाडी चालू केली अन् घरी गेलो."

माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला सांगू! पण मार खाल्लेला माणूस चार खोट्या जागा दाखवतो आणि त्यात दिवस जातो. मी उठून बाहेर त्याच्या गाडीकडे गेलो. मागचं दार आतून उघडून पाहिलं. कडी नुसतीच हलायची. काच खाली करायचा दांडाही तुटलेला. म्हणजे म्हातारी स्वतःहून उतरणं शक्यच नव्हतं, कुणीतरी बाहेरून दार उघडायला हवं. पण तेवढ्यानं ती कुठे आहे ते कळत नव्हतं.

आत येऊन मी त्याच्यासमोर बसलो आणि सूर बदलला. "माझ्याकडं पण हेच मॉडेल आहे रे. उन्हाळ्यात लई छळतं."

गडी एकदम खुलला! "इचारू नका साहेब. चढाला तापते, रेडिएटरमधी पाणी ओतून ओतून जीव जातो. क्लच घसरतो. सेल्फ तर महिना झाला गेलाय. तुमच्या पोरांनी ढकलली तवा आणली न्हवं का आता?"

माणूस नात्यागोत्यात बिनदिक्कत खोटं बोलतो, पण जुन्या गाडीची दुखणी खरी सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. आम्हा जुन्या गाडीवाल्यांचं हे असंच आहे.

"मग एकटा असलास की काय करतोस?"

"उतारावर लावायची. सोडली की दुसऱ्या गेअरात क्लच सोडायचा, घेते लगीच."

"मंदिरापाशी कुठं आहे उतार?"

मंदिराभोवती काळं रान, परातीसारखं सपाट.

"धक्का कुणी दिला? नाव सांग. आत्ता फोन लावतो."

"व्हतं... कुणीतरी."

मी त्याच्या कबुलीची वाट पाहिली नाही. त्या सगळ्या शिवारात उतार एकच, पाझर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढणारा रस्ता. "पाळीखाली तुमची पाण्याच्या मोटारीची खोली आहे ना?" एवढंच विचारलं. त्यानं मान खाली घातली.

जीप कशी हाणली ते चालकालाच ठाऊक. मातीच्या चढावर चाकोरी होती, इंजिनातून गळलेल्या तेलाचा डाग होता. खाली पत्र्याची खोली, दाराला कोरं कुलूप. हवालदारानं हाका मारल्या. आतून आवाज नाही. कुलूप तोडलं, तर भट्टीसारखी वाफ अंगावर आली. म्हातारी मोटारीशेजारी आडवी पडलेली, ओठ फुटलेले. हवालदारानं नाकाशी हात धरला आणि ओरडला, "हाय साहेब, जित्ती हाय!" मोठा गडी, पण ढसाढसा रडला.

तिला सरकारी दवाखान्यात हलवलं. दोन दिवस सलाईनवर होती. तिचा भाऊ नवं लुगडं घेऊन आला, 'घरातलं घरात मिटवू' म्हणून मला विनवायला लागला. मीही धास्तावलो होतो. माहेर तुटेल म्हणून बायका जबाब फिरवतात, हे मी नोकरीभर पाहिलं होतं.

सोमवारी कोर्टात उभं करण्याआधी भाच्याची वैद्यकीय तपासणी त्याच दवाखान्यात होती. जबाब घ्यायला मी म्हातारीच्या खाटेपाशी बसलो होतो आणि तो बेड्यांसकट दारासमोरून चालला होता. तिनं त्याला पाहिलं. तोंड सुकलेलं, इस्त्रीचा शर्ट चुरगळलेला.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

तो थांबला. शिपायानं त्याला पुढे नेलं.

मी पेन खाली ठेवलं. झालं, केस गेली, असंच वाटलं. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"लिहा साहेब. त्यानं हातानं कुलूप लावलं. मी पाणी मागितलं, तरी लावलं. ल्हानपणी माझ्याच मांडीवर खेळलेला हाय, ते बी लिहा. अन् वाटणी मी सोडत न्हाई."

माया आहे म्हणजे माघार घेईल, असा हिशेब भाच्यानंही केला होता आणि त्या क्षणी मीही. त्यानंतर कुठल्याही फिर्यादी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी पेन खाली ठेवलं नाही.