लोकांची लेकरं आणि आत्याबाई

माझ्या बायकोच्या आत्याबाईंच्या चिमटीत कधी सापडला नाही असा एकही कान मलकापुरात नसेल. त्यातले काही कान आज इंजिनिअरिंगला आहेत, एक वकिली करतो, एक तर दोन लेकरांचा बाप झाला; पण बाजारात आत्याबाई समोर दिसल्या की तो अजूनही नकळत हात कानाशी नेतो. आणि यातलं एकही लेकरू आत्याबाईंच्या नात्यातलं नाही. "लेकरू काय सातबाऱ्यावर चढवलेलं असते का जवाई, हे याचं अन् ते त्याचं कराले?" त्या मला म्हणायच्या. "हाताच्या अंतरावर आलं की आपलं."

रोज संध्याकाळी पाच वाजता त्या माझ्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन बगीच्यात निघायच्या. मुलगी हे निमित्त. खरं लक्ष लोकांच्या मुलांवर. पिशवीत फुटाणे, हळदीची डबी, कंगवा आणि नेलकटर. मी लांबच्या बाकावर पेपर तोंडासमोर धरून, या बाईंशी आपली ओळख नाही असा चेहरा करून बसायचो. एक मुलगा सगळ्यांना ओरबाडायचा. आत्याबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्याची आई फोनवरचं बोलणं संपवून येईपर्यंत दहाही नखं उडवली. आई भडकली. "माझ्या मुलाची नखं तुम्ही कशी कापली?" आत्याबाईंनी नेलकटर मिटवत शांतपणे विचारलं, "काऊन, ठेवाची होती का?" दुसऱ्याने एका मुलीच्या डोक्यात वाळू टाकली, तर त्यालाच कंगवा देऊन अर्धा तास तिचे केस विंचरायला बसवलं. त्याला ते काम इतकं आवडलं, की पुढे आठवडाभर तो डोकी शोधत हिंडत होता. झोक्यावर प्रत्येकाने वीस झोके घ्यायचे आणि उतरायचं, हा नियमही त्यांचाच. मुलंही कमी नव्हती. एकोणीस झाले की "साडेएकोणीस, पावणेवीस" करत तास काढायची. आयांची समजूत घालायचं काम अर्थात माझ्याकडे. मी इतक्या जणींची माफी मागितली आहे, की काही मला बगीच्याचा कर्मचारी समजत.

गेल्या हिवाळ्यात तिथे सौम्या नावाची मुलगी यायला लागली. सहा-सात वर्षांची, बदली होऊन आलेल्या एका साहेबांची. नाव ठेवताना आईवडिलांनी फार घाई केली होती. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला जाऊन बसायची आणि कोणी वर आलं की ढकलायची. तिसऱ्या दिवशी माझीच मुलगी खाली पडली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. मी कॉलेजात शिकवतो, शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोहोचत नाही. पण त्या दिवशी मी असा ओरडलो, की झोके थांबले. "कोणाची आहे ही पोरगी?"

आत्याबाई टेंगळावर हळद दाबत म्हणाल्या, "कोणाची हे मांगून पाहू, जवाई. आधी काऊन ढकलते ते पाहू."

तेवढ्यात कोणीतरी सांगितल्यामुळे साहेब ऑफिसातून धावत आले. पंधरा-वीस माणसं बघताहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "खाली उतर. घरी चल, मग दाखवतो तुला."

"तुम्ही हेच सांगून राह्यले, म्हणून तं ते पोरगी उतरून नाही राह्यली," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि एकोणसत्तराव्या वर्षी, कुरकुरत्या गुडघ्यांनी घसरगुंडीची शिडी चढायला सुरुवात केली. मी खालून "आत्याबाई, आत्याबाई" एवढंच म्हणत राहिलो. वर जाऊन त्या तिच्याजवळ दाटीवाटीने बसल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. फुटाणे दिलेले दिसले. मग बराच वेळ ती मुलगीच बोलत होती.

शेवटी सौम्या उतरायला तयार झाली. आत्याबाई मात्र उतरेनात. गुडघे आखडले, शिडीकडे वळता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. सौम्या म्हणाली, "आजी, मी पुढे बसते. माझे खांदे धरा आणि खाली बघू नका." साहेब आणि मी खाली हात पसरून उभे राहिलो. दोघी आल्या त्या थेट आमच्यावर, आणि चौघंही वाळूत बसलो. सगळा बगीचा हसला. साहेबही हसले, हसल्यावर त्यांना पुन्हा रागावता येईना. सौम्या माझ्या मुलीजवळ गेली. "दुखतं?" तिने विचारलं. "खूप," माझी मुलगी अभिमानाने म्हणाली.

"खाली उतरलं की घरी जा लागते," आत्याबाई साहेबांना हळूच म्हणाल्या. "अन् घरी बोलाले कोणी नाही. आई तिकडं पहिल्या गावी नोकरीवर, तुम्ही ऑफिसात. म्हणून वरच बसते ते, अन् जागा सोडा लागू नये म्हणून ढकलते." साहेब पँटवरची वाळू झटकत राहिले. वाळू संपली तरी झटकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते पाच वाजता तिला स्वतः आणून आत्याबाईंच्या हाती द्यायचे आणि जमेल तेव्हा स्वतःही थांबायचे.

जूनमध्ये आत्याबाईंच्या मुलाने त्यांना गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं, ते कायमचंच. गुडघे छान झाले. पण तिथल्या सोसायटीच्या बागेत जायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक कान धरला आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तक्रार आली. पुन्हा असं करू नकोस, म्हणून मुलाने हात जोडून विनवलं.

परवा फोनवर म्हणाल्या, "इथची लेकरं लय गुणाची हायत, जवाई. कोणी कोणाले ढकलत नाही. एकेकाच्या मांगे एकेक बाई उभी असते." मग विचारलं, "आपल्या बगीच्यात आज कोणी रडलं काय?"

"नाही," मी म्हणालो. "सगळी मजेत खेळत होती."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुन्हा विचारलं, "एकही नाही काय?" फोन ठेवल्यावर मला वाटलं, एखादं तरी रडलं असं सांगायला हवं होतं.