घमेल्यातल्या गौरी

सांगायला बसले खरी, पण आधी कबूल करा की हसणार नाही. या वयात माझ्या हातून चोरी झाली. तीही देवाच्या नावाने, भर दिवसा, आमच्याच फाटकासमोर.

आमच्याकडे खड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. सवाष्णीने पाण्यातले पाच खडे वेचायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरी आणायचे. वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. दरवर्षी सून नदीवरून आणते. यंदा नदी फुगलेली, आणि सून हिंजवडीच्या बसमध्ये अडकलेली. मुहूर्त टळायला आला. मीच ताम्हन-तांब्या घेऊन खाली उतरले. म्हटलं, कुठे ना कुठे पाणी असेलच.

आता आमच्या बिबवेवाडीच्या चौकात तेव्हा नवी फरसबंदी चालली होती, पोर्तुगालात असते म्हणे तशी. सिमेंटचे ठोकळे नव्हेत बरं का. लिंबाएवढे काळे-पांढरे दगड, एकेक हाताने घडवायचा, वाळूत बसवायचा, हातोडीने ठोकायचा. पांढऱ्यात काळ्या लाटा, आणि आमच्या फाटकासमोर भला थोरला काळा तारा. हे सगळं करणारे मिंगेल मेस्त्री, गोव्याचे. दिवसभर उकिडवे बसून दगड घडवायचे.

ताऱ्याजवळ घमेलं होतं. घमेल्यात पाणी, आणि पाण्यात पाच काळेभोर खडे. चार नाही, सहा नाही. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? कामाभोवती बांधलेल्या दोरीला पाटी होती, पण चष्म्याशिवाय मला कुठे वाचता येतं? आणि पुण्यातल्या सगळ्या पाट्या मनावर घ्यायच्या तर माणसाने घराबाहेरच पडू नये.

खडे ताम्हनात घेतले, चूळ भरली, वळले. तर समोर मेस्त्री, हातात चहाचा कप.

"आज्जी, हंय पाच काळे फातर होते. तुम्ही पाहिले काय?"

ताम्हन पदराखाली. तोंडात पाणी. मी नुसतीच मान हलवली. हो की नाही ते माझं मला कळलं नाही. गाल फुगलेले बघून त्यांनी हळूच विचारलं, दाढ दुखते काय? मी जोरजोरात होकार दिला. माझ्या पाठीमागे ते घमेलं उपडं करून बघत होते. ते ऐकू आलं, पण मागे बघायचं नव्हतं ना!

घरी आले, गौरी बसवल्या, चूळ टाकली, आणि गॅलरीत गेले. खाली त्या कामावरचे साहेब मेस्त्रींना झापत होते. ते पाच दगड म्हणजे ताऱ्याचे शेवटचे तुकडे, मापाने घडवलेले. काळा दगड संपलेला, नवी गाडी सण झाल्याशिवाय येणार नाही. परवा संध्याकाळी सहाला उद्घाटन. ताऱ्यात भोक राहिलं तर मेस्त्रींनी गोव्याची गाडी धरायची.

सून आल्या आल्या तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, देऊन टाका परत. म्हटलं, अगं, आवाहन झालंय! बसलेल्या गौरी पूजेआधी उठवू? आणि नाही उठवल्या तर त्या माणसाच्या पोटावर पाय. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "यंदा गौरी आल्या म्हणायच्या, की उचलून आणल्या?"

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. घावन-घाटल्याचं ताट घेऊन मी मेस्त्रींकडे गेले. ते फुटक्या दगडातून तुकडे काढत होते. एक मोठा होई, एक फुटे. ताट बघून म्हणाले, तुमची दाढ दुखते, आणि तुम्ही मला जेवण आणता. मला रडूच आलं. म्हटलं, "मेस्त्री, वर चला."

वर आले. चपला दारात काढल्या. पाटावर पाच खडे, हळदीकुंकू, कापसाची वस्त्रं. वाकून एकेक खडा निरखला. मी सुनेच्या मागे.

"माझेच," म्हणाले. मग हात जोडले आणि हळूच विचारलं, "ह्या उद्या कितीला उठतात?"

दुपारी बारानंतर उठतात. उठल्या. विसर्जन कुठे? मेस्त्रींच्या घमेल्यात. अक्षता टाकल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि त्यांनी पाण्यात हात घालून एकेक गौर ताऱ्यात बसवली. साहेब सहाला आले तेव्हा तारा पुरा होता, आणि मेस्त्रींच्या पाठीवर थाप पडली. माझा जीव भांड्यात पडला.

पण दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघाले, फाटकात आले, आणि पाय उचलेना. यातल्या गौरी कुठल्या? मेस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, आज्जी, ठोकून बसवल्यावर मलापण ओळखू येत नाहीत. झालं! अख्ख्या ताऱ्यावर पाय देता येईना.

तेव्हापासून मी मागच्या फाटकाने जाते, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून. सगळ्यांना वाटतं, आजींच्या गुडघ्यांना ते दगड बोचतात. मी मान डोलावते. खरं सांगितलं तर आमच्या बिल्डिंगमधली एकही बाई त्या ताऱ्यावर पाय ठेवणार नाही, आणि मेस्त्रींची मेहनत बघायलाही कुणी त्या बाजूला जाणार नाही. म्हणून ठरवलं होतं, याबद्दल तोंड उघडायचं नाही.

आणि आत्ता तुम्हाला सगळं सांगून बसले. चहा संपवा, मग चला माझ्याबरोबर. मागचं फाटक दाखवते.