दादाला फोनवर वाचून दाखवलेलं माझं पहिलं पुस्तक

मंडळी, आज सकाळी मी माझं पुस्तक इंटरनेटवरून काढून टाकायला बसले होते.

आमची आई उरणकडच्या मिठागरात राबायची. तिच्या आठवणींचं छोटंसं ई-बुक मी गेल्या आठवड्यात स्वतःच प्रकाशित केलं, मुखपृष्ठसुद्धा मोबाइलवर मीच बनवलं. आज पहिला अभिप्राय आला. एक तारा, आणि खाली, 'फारच घरगुती. कंटाळा आला.' मी पार हिरमुसले.

तेवढ्यात दादाचा फोन आला. तो ट्रेलर चालवतो. न्हावा शेव्याला बंदराबाहेर रांगेत अडकला होता.

"तुझं पुस्तक फोनला वाचायला लावलंय," तो म्हणाला. "पन ही फोनमधली बाई आपल्या आयचं बातम्यांसारखं सांगते. तूच वाच."

मी वाचायला लागले. आई कामावरून आली की हात चांगले धुवायची, मगच आमच्या गालांवरून फिरवायची. मिठाने आमचे गाल झोंबू नयेत म्हणून. इथे मी वाचायची थांबले.

मग एक अनोळखी आवाज आला, "ताई, थांबू नका. आमी पन ऐकतोय."

दादाने फोन स्पीकरवर टाकला होता, आणि त्याच्या केबिनमध्ये रांगेतले आणखी दोघे ड्रायव्हर येऊन बसले होते.

थोड्या वेळाने हॉर्न वाजायला लागले. दादा म्हणाला, "रांग हलली. बाकीचं संध्याकाली वाच, हे दोघं पन ऐकनार हायेत."

पुस्तक आहे तिथेच ठेवलंय. घरगुती आहे, हे खरंच.

तुमचं पहिलं लिखाण मन लावून कोणी ऐकलं होतं?