फ्लॉपीवरची चंदेरी पट्टी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना तर नाहीच – आणि सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं ते वडिलांनाच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा साठी उलटली आणि खोटं बोलताना पूर्वीची सफाई राहिली नाही, म्हणूनही असेल.

माझं पोट कशावर चालतं ते आधी सांगतो. मी बँकांतल्या, कचेऱ्यांतल्या लोकांना संगणकाच्या सुरक्षिततेवर व्याख्यानं देतो. पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी पेनड्राइव्ह लावू नका – तेच ते. पण सुरुवातीला मी थोडा इतिहास सांगतो आणि लोकांना तोच आवडतो. हा घरगुती संगणक इतका भोळा का निघाला? कारण तो बनवला एका माणसासाठी. एक माणूस, एक टेबल, एक यंत्र. मोठमोठ्या यंत्रांवर खूप लोक काम करायचे, म्हणून त्यांना नाव विचारायची सवय होती. या धाकट्याला ती कोणी लावलीच नाही. घरच्या माणसाला घरात कोण नाव विचारणार? जो समोर बसेल तो मालक, आणि खाचेत सरकवाल ती फ्लॉपी खरी. पुढे जगभरची यंत्रं एकमेकांना जोडली गेली, तरी हा भोळेपणा बरीच वर्षं अंगात मुरलेला राहिला.

मग मी म्हणतो – इथे हमखास हशा येतो – असा हा एकट्या माणसाचा संगणक आला कुठे, तर आमच्या लालबाग-परळात, जिथे एका खोलीत नऊ माणसं झोपायची. शेजारून विरजण आणावं तशा आम्ही एकमेकांकडून फ्लॉप्या आणायचो. त्यांच्याबरोबर आणखी काय आलं ते मागाहून कळायचं.

हशा ओसरला की कोणीतरी विचारतंच, "मग सर, चूक कोणाची?" मी म्हणतो, "रचनेची." आणि पाणी पितो.

इथेच थांबावं असं आताही वाटतंय. पण नको.

गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. वडील साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते; त्यांची गिरणी पुन्हा उघडली ती त्यांना न घेताच. मी कॉलेज अर्धवट सोडून संगणक शिकलो आणि तेविसाव्या वर्षी परळच्या एका क्लासमध्ये मास्तर झालो. पहिल्या मजल्यावरची खोली, पाच यंत्रं, एक एसी. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, ही सरांची – म्हणजे क्लासच्या मालकांची – सक्त ताकीद. चपला बाहेर आणि फ्लॉप्या आत, अशी आमची सुरक्षितता.

भिकाजीकाका आमच्या चाळीतले, वडिलांबरोबर एकाच खात्यात काम केलेले. वय पंचेचाळीसच्या आसपास. संपात तेही घरी बसले. वडिलांनीच त्यांना माझ्याकडे शिकायला धाडलं. चाळीत मला 'सुध्या' म्हणून हाक मारणारा हा माणूस क्लासच्या दारात चपला काढल्या की मला 'मास्तर' म्हणायचा, तेही हात जोडून. दोन बोटांनी टाइप करायचे, सावकाश – पण चूक नाही. साच्यावर तुटलेला धागा पकडणारे डोळे ते, त्यांना चुकीचं अक्षर कसं निसटणार? जवळच्या इस्पितळात नोंदी ठेवायला संगणक येणार होता आणि तिथे माणूस हवा होता. परीक्षा झाली की शिफारशीची चिठ्ठी देतो, असं सरांनी काकांना कबूल केलं होतं. काकांचं अख्खं घर त्या चिठ्ठीकडे डोळे लावून बसलं होतं.

त्या वेळच्या फ्लॉपीच्या कडेला एक छोटी चौकोनी खाच असायची. तिच्यावर चंदेरी पट्टी चिकटवली की यंत्राला फ्लॉपी वाचता यायची, तिच्यावर काही लिहिता यायचं नाही. कुलूप म्हणावं असं तेवढंच एक होतं. काम साठवून झालं की काका नवी पट्टी लावायचे, अंगठ्याने दोनदा दाबायचे आणि फ्लॉपी धुतलेल्या रुमालात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. बाकीच्यांच्या फ्लॉप्या क्लासच्या कपाटातच असत. घरी नेली जाणारी तेवढी काकांची. हे लक्षात ठेवा – मी ठेवलं होतं.

आता माझं. गिरगावातल्या एका मित्राकडून मी एका खेळाची फ्लॉपी आणली, मोटारींच्या शर्यतीची. जेवणाच्या सुट्टीत खेळायचो. बाहेरची फ्लॉपी लावायची नाही असा नियम होता, आणि तो विद्यार्थ्यांना दरडावून सांगणारा मीच. त्या खेळाबरोबर व्हायरस आला. क्लासच्या फ्लॉप्यांना एकामागून एक लागण झाली. परीक्षेच्या दिवशी पडद्यावर एक ठिपका उड्या मारायला लागला आणि मुलांनी महिनोन्‌महिने केलेली कामं उघडेनाशी झाली. सर मटकन खुर्चीत बसले. म्हणाले, शनिवारी फ्लॉप्या तपासायला माणूस येईल; ज्याने हे बाहेरून आणलं त्याला पुन्हा ही पायरी चढू देणार नाही.

खेळाची फ्लॉपी मी कात्रीने कापली आणि गटारात टाकली. इथवर नुसता भित्रेपणा. इथवरचं मी व्याख्यानातसुद्धा हसत सांगितलं असतं.

परीक्षेसाठी सगळ्यांच्या फ्लॉप्या कपाटात जमा होत्या, काकांचा डबाही. शुक्रवारी भर दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी तो उघडला. रुमाल सोडला. चंदेरी पट्टी नखाने काढली – घट्ट होती, दोनदा दाबलेली. लागण झालेल्या यंत्रात फ्लॉपी सरकवली आणि आत काय आहे एवढंच दाखवायला सांगितलं. तेवढं पुरतं. लाल दिवा लागला, घरघर झाली, दिवा विझला. पट्टी परत लावली नाही. पट्टी असती तर तपासणाऱ्याने विचारलं असतं, मग लागण झाली कशी? इतका विचार मी केला होता.

शनिवारी त्या फ्लॉपीत व्हायरस सापडला. क्लासच्या फ्लॉप्यांतही होताच. कोणाकडून कोणाला लागला हे कोण सांगणार? यंत्राने कसली नोंदच ठेवलेली नव्हती. सगळे त्या बिस्किटांच्या डब्याकडे बघू लागले.

"पट्टी मी लावलेली," काका म्हणाले. "माका नीट आठवता." मग माझ्याकडे वळले. "लावलेली ना, मास्तर?"

"विसरला असाल, काका," मी म्हणालो.

त्यांनाच का निवडलं? डबा घरी जायचा म्हणून. आणि काका भांडणार नाहीत हे मला ठाऊक होतं म्हणून – लहानपणापासून ठाऊक होतं. घरात कमावणारा मी एकटाच होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. काकांच्या घरात तर कमावणारं कोणीच नव्हतं.

चिठ्ठी मिळाली नाही. काका भायखळ्याच्या भाजी बाजारात पाट्या उचलू लागले, शेवटपर्यंत. पण त्याहून वाईट एक झालं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. वीस वर्षं साच्यावर न चुकलेले आपले हात त्या दिवशी चुकले, हे त्यांनी खरं मानलं. मग खोलीला कुलूप लावलं की चार पायऱ्या उतरून परत वर यायचे, कुलूप ओढून बघायचे. कधी दोनदा. काकी चिडायच्या, चाळीतली पोरं नक्कल करायची. ते का तपासतात हे फक्त मला माहीत होतं. ते गेले तेव्हा खांदा द्यायला मी होतो.

समोर कोण बसलंय हे त्या यंत्राला कळत नव्हतं, असं मी लोकांना सांगतो. ते खरंच आहे. पण मला तर कळत होतं ना, कोण बसलंय?

आणि एक राहिलं. सगळ्यात तेच सांगायला जड जातंय.

त्या शनिवारनंतरच्या रविवारी सकाळी काका आमच्या खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट घालून. चाळीत कोण कोणाकडे इस्त्री करून जातं? दाराबाहेर चपला काढल्या, क्लासमध्ये काढायचे तशा. वडील पेपर वाचत होते. काका माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"मास्तर, चूक माझी झाली. माझ्यापायी तुमची नोकरी गेली असती. माका माफ करा."

बोलायला तोंड होतं. वडील समोर होते. दोन वाक्यांचं काम होतं.

"असू दे, काका," मी म्हणालो. "माफ केलं."

त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्याकडे हात करून वडिलांना म्हणाले, "तुजो झील मोठ्या मनाचो असा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. संपानंतर इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली – नम्र माणूस घालतो तशी.