शिडाच्या होडीतला कोरडा संडास

आता ही फजिती मीच सांगतो. काका सांगायला बसले की ती दर वेळी वाढत जाते.

काका एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले आणि त्यांनी काय करावं? हिंगणीकडे आमच्या गावच्या तलावात फिरायला शिडाची होडी बांधली. वर शीड, खाली इवलीशी खोली. सगळी हौस काकूंना फिरवायची. आणि काकू होडीकडे ढुंकूनही बघेनात.

"मले शुगर हाय. घडीघडी जा लागते," काकू म्हणाल्या. "तुमच्या त्या डोंग्यात संडास हाय काय?"

काकांचा चेहरा पडला. मी पर्यावरणाची डिग्री घेऊन नुकताच घरी आलेलो. म्हटलं, काका, हे माझ्यावर सोडा.

होडीवरच्या संडासाचे किती प्रकार असतात, तुम्हाला कल्पना आहे? एकात सगळं टाकीत साठवायचं आणि काठावर पंपाने उपसायचं. आमच्या गावात तो पंप कुठून आणू? दुसऱ्यात दळून, औषध घालून सरळ पाण्यात सोडायचं. ज्या तलावावर गावची गुरं पाणी पितात, त्यात? वाचतानाच माझं डोकं फिरलं. उरला कोरडा संडास. लघवी वेगळ्या कॅनमध्ये, बाकीचं डब्यात. वरून तुरीचं कुटार, म्हणजे वाळका भुसा, टाकायचं आणि ढवळायचा दांडा फिरवायचा. वास नाही, माशी नाही, शेवटी खत. अट एकच, डब्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये.

तो बसवल्यावर मी काकूंना उभं करून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आन् धुवाचं कसं?"

"कागद आहे ना, काकू."

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी तलावाकडे.

"चारी अंगानं पाणी, अन् हा पोट्टा पाणी नाई म्हणते. तू वापरून पाह्यलं काय?"

"हे शास्त्र आहे, काकू. त्यात वापरून काय पाहायचं? अर्धं जग कागदच वापरतं."

तरी काकांचं तोंड बघून काकू रविवारी होडीत बसल्या. बसण्याआधी बजावलं मात्र, "मले जमलं नाई, तर हा डोंगा इकून टाकाचा."

त्या सकाळी मी दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले होते. तलावाच्या मधोमध आलो आणि वारा पडला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. आणि माझ्या पोटात कळ आली.

"जाय ना, तुह्याच पसंतीचा हाय," काका म्हणाले.

गेलो. कडी लावली. पुढचं सगळं शास्त्राप्रमाणे पार पडलं. मग मी त्या कागदाच्या गुंडाळीकडे बघितलं आणि हादरलोच. हात पुढे होईना. आईने लावलेली सवय डिग्रीपेक्षा इतकी पक्की असेल, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी बसून राहिलो. किती वेळ, देव जाणे.

"काऊन रे, झोपला काय?" बाहेरून काका.

"काकू," मी हळूच म्हणालो, "पाणी."

मग दाराखालच्या फटीतून भरलेली बाटली आत आली.

"पुरवून वापरजो," काकू म्हणाल्या. "माह्यासाठी घरून आणली होती."

मी पुरवून वापरली. पण ते पाणी जाणार कुठे? त्याच डब्यात. कुटार फुगलं, दांडा अडकला, आणि जो वास कधीच येणार नव्हता तो आला. वारा नाही, त्यामुळे वासही आमच्यासोबतच बसून राहिला. काकांनी नाकाला दुपट्टा बांधला. काकूंनी पदर लावला. तासाभराने वारा सुटला, तोवर कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. मी मनातल्या मनात होडी विकूनही टाकली होती.

काठावर, पाण्यापासून लांब, मी डबा घासत बसलो. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"डब्बा बरा हाय तुहा. बाजूले धुवाची मोरी कर. तिचं पाणी दुसऱ्या कॅनात."

काकांनी दुसऱ्याच दिवशी मोरी केली. कॅन तलावापासून दूर खड्ड्यात रिकामा करायचं काम अर्थात माझं. आता काकू दर रविवारी होडीत असतात, बचत गटाच्या बायांनाही आणतात. एखादी नवी बाई संडासाच्या दाराशी घुटमळली की काकू माझ्याकडे बोट दाखवतात.

"जाय बाई, भेऊ नको. आधी याच्यावर टेस्टिंग झालं हाय."