वर्गासमोर टेकलेले गुडघे

पुण्याहून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, हिंडा, फिरा, जिने चढा, पण नव्या गुडघ्यांवर टेकून बसू नका. झालं! तेव्हापासून मला जो तो गुडघे टेकलेलाच दिसू लागला. सकाळी अकोला स्टेशनवर उतरले, तर एक बाई गुडघ्यांवर बसून गाठोडं बांधत होती. मला तिचा चक्क हेवा वाटला.

अकोल्यात मावसबहीण कुसुमकडे उतरले. तिनं अंगणात गोवऱ्या पेटवून रोडगे (कणकेचे निखाऱ्यात भाजलेले गोळे) लावले होते. सत्तरीची बाई, पण आरापुढे (निखाऱ्यांपुढे) गुडघे टेकून भराभरा रोडगे उलटत होती, आणि वर पुण्याच्या गुडघ्यांत जीवच नाही म्हणून मलाच चिडवत होती. वांग्याच्या भाजीबरोबर तूप ओतून तीन रोडगे हाणले. जेवताना तिनं विचारलंच, या वयात एवढ्या लांब कशाला आलीस? मग खरं सांगितलं. मला रफिकची माफी मागायची होती.

तीसेक वर्षांपूर्वी यजमानांच्या बदलीमुळे मी अमरावतीच्या एका शाळेत शिकवत होते. एकदा टेबलावरचं माझं घड्याळ दिसेना. पहिल्या बाकावर रफिक बसायचा, म्हणून त्यालाच धरलं आणि चोर म्हणून सगळ्या वर्गासमोर दोन तास गुडघ्यांवर उभं केलं. दहा वर्षांचं पोर, रडलंसुद्धा नाही. संध्याकाळी घड्याळ माझ्याच पिशवीत सापडलं. पण बाई चुकल्या हे पोरांना कसं सांगायचं? गप्प बसले. जळली मेली ती प्रतिष्ठा!

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघाले. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. शेजारच्या आजोबांनी मूर्तिजापूर यायच्या आत माझं गाव, लेकरं, पेन्शन सगळं विचारून घेतलं. अमरावतीत ऑटोत चढताना गुडघा अडला. ऑटोवाल्यानं ‘मावशी, सावकाश’ म्हणत हात दिला आणि विचारत विचारत रफिकच्या गादीच्या दुकानापाशी आणून सोडलं.

रफिक गादीवर गुडघे टेकून हातभर लांब सुईनं टाके घालत होता. दाढी पांढरी व्हायला लागलेली. त्यानं मला लगेच ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. दिवसभर असं बसून गुडघे दुखत नाहीत का, विचारलं, तर हसला. कामाला टेकतो, नमाजाला टेकतो, गुडघ्यांना सवय आहे म्हणाला. मग मी घड्याळाचं सांगितलं. त्याचा हात थांबला.

“मले एकट्याले सांगून काय होते, बाई?” तो हळूच म्हणाला. “बसवलं तर सर्वांसमोर होतं.”

खरंच होतं. त्या वर्गातलं जवळपास कोणी आहे का, विचारलं. समोरचा पानठेला विजयचा होता, पलीकडचं पंख्यांचं दुकान प्रकाशचं. दोघांना बोलावलं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि सांगितलं, घड्याळ रफिकनं चोरलं नव्हतं, ते माझ्याच पिशवीत होतं आणि मला त्याच दिवशी कळलं होतं.

दोघे एकमेकांकडे बघू लागले. “आमाले तर तवाच ठाऊक होतं,” विजय म्हणाला. “रफिक काहून (कशाला) चोरी करन?”

रफिक त्याच्याकडे बघतच राहिला. “मंग मले काहून नाही सांगितलं रे?”

“तुले काय सांगाचं? तुले तर ठाऊकच होतं ना.”

रफिक मटकन गादीवर बसला. हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. रोज याच्याकडे पान खातो, म्हणाला, पण मनात यायचं की हाही मले चोरच समजत असन. विजय त्याच्या शेजारी जाऊन बसला. मलाही रडू आवरेना.

घरी पाऊल टाकलं तशी लेकीनं विचारलं, “आई, माफ केलं का गं त्यानं?” मी चप्पल काढता काढता थांबले. ते विचारायचं राहूनच गेलं होतं. निघाले तेव्हा रफिक आणि विजय गादीवर बसून शाळेच्या गोष्टी करत होते, आणि त्यांना मध्येच थांबवावंसं मला वाटलं नाही.