डिस्कवर गेलं काय?

नुसतं "झालं" म्हणून ताईंच्या तावडीतून कुणी सुटत नसे. मी म्हणालो, "ताई, चहा सांगितला," की त्या विचारायच्या, "डिस्कवर गेलं काय?" म्हणजे, कप टेबलावर आला का? अमरावतीच्या आमच्या छोट्या ऑफिसात डेटाबेस त्या सांभाळायच्या. बाई भयंकर आडमुठ्या, आणि त्या आडमुठेपणावर माझा भारी जीव.

अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात काट्यावर कापूस मोजला की वजनाची नोंद आमच्या सर्व्हरवर यायची. ऐन हंगामात त्या नोंदी अडकायला लागल्या. तिकडे ट्रॅक्टरांची रांग, आणि शिव्या आम्हाला! पुण्याच्या साहेबांनी फोनवर सोपा उपाय काढला, "नोंद मेमरीत आली की 'झालं' दाखवा. डिस्कवर जाईल मागून. जमत नसेल तर काम पुण्याला हलवतो."

"नाई जमत," ताई म्हणाल्या. "साहेब, वजन झालं का कापूस ढिगात मिसळते. लाइट गेली न नोंद उडाली, तं कास्तकाराले कोणता कापूस दाखवू?"

"म्हणजे माझं ऐकायचंच नाही?"

"ऐकून राहिली न मी. करणार नाई."

दुखणं त्यांनी शोधलंच. नोंदींची बदललेली पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, मेमरीत साचत होती आणि ती डिस्कवर नेऊन लिहिणारी प्रोसेस एकच. मेमरी भरली की नव्या नोंदी ताटकळत. ताईंनी एकदम सोळा प्रोसेस लावल्या, तर वेग आणखीच मेला! सगळ्या एकाच डिस्कवर तुटून पडल्या होत्या. "बाप्पा, एका काट्यावर सोळा गाड्या घातल्या म्या!" त्या स्वतःवरच हसल्या. मग डेटा चार डिस्कवर वाटला, प्रत्येकीला आपली प्रोसेस दिली, आणि मेमरी भरायची वाट न बघता पानं थोडी थोडी सतत लिहायला लावली. दुपारपर्यंत रांग हलली.

त्याच आठवड्यात वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर एकही नोंद हरवलेली नव्हती. काम अमरावतीतच राहिलं. ताई मात्र राहिल्या नाहीत. साहेबांनी त्यांचा करार पुढे वाढवलाच नाही.

"ताई, फोनवर माफीचे दोन शब्द बोलून टाका ना!" मी कळवळून म्हणालो.

"कायची माफी? नोंदी हायेत न जागेवर?" डबा पिशवीत टाकून त्या मोर्शीच्या बसला निघून गेल्या. मला रडू आलं, आणि साहेबांचा असा संताप आला की विचारू नका.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसतो. परवा साहेबांचा फोन आला. काम नवं, घाई तीच. "'झालं' दाखवून टाक रे. डिस्कचं नंतर बघू."

"नाई जमत, साहेब," मी म्हणालो. "माझा करार कधी संपते, तेवढं पाहून घ्या."